उजवी पाकळी

धारगळ, १० मे १९८७

गुरुदास,

डिसेंबरपासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. माफी तेवढ्याचीच. आणखी कशाची मागायची राहिली आहे का, हे मी मधल्या काळात पुष्कळदा तपासून पाहिले. सापडले नाही. सापडले तर कळवीन.

वर ‘दादा’ लिहिलेले नाही हे तुझ्या लक्षात आलेच असेल. आधी लिहिले होते. मग दुसरा कागद घेतला.

मी धारगळला हमरस्त्यालगतच्या एका जुन्या गोदामात राहते आहे. परदेशात स्वयंसेवक पाठवणारी एक संस्था इथे प्रशिक्षण देते. ते महिनाअखेरीस संपेल आणि मग मी दोन वर्षांसाठी मोझांबिकला, बैरा शहराच्या बाजूला, मुलांना गणित शिकवायला जाईन. हे तुला आधीच कळले आहे. तू साखळीच्या बसस्टँडवर चार माणसांत म्हणालास, “आमचें विनू आतां पाखल्यांची भास शिकवंक वता,” तेही मला कळले आहे. चूक दुरुस्त करते: मी पोर्तुगीज शिकवायला नाही, पोर्तुगीजमधून गणित शिकवायला चालले आहे. तू आणि मी एकाच बाकावर बसून सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत, ती भाषा शिकलो. तू विसरलास, मी विसरले नाही, एवढाच फरक. आमच्या शिक्षिका दोना आल्दा म्हणतात, गोव्याच्या माणसाला अर्धी पोर्तुगीज घरातच येते: जनेल, मेज, कुलेर, बाल्दी. तुझ्या घरातल्या जनेलाला तूही खिडकी म्हणत नाहीस.

हे टोमणे मारायला पत्र लिहिलेले नाही. मग का मारले? सवय, बहुधा. तुझ्यासारखीच.

मला आईला भेटायचे आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला आता नीट दिसत नाही, आणि दोन वर्षे तिच्या वयात फार होतात. तू मला घरातून हाकलले आहेस. नाही, हे बरोबर लिहिले नाही. त्या दिवशी तू म्हणालास, “ह्या उंबऱ्यार परत पांय घालूं नाका.” हाकलण्यासाठी मी आत असायला हवे होते, मी तर अंगणातच होते. पण अर्थ तोच.

डिसेंबरात दहावीची चाचणी चालू असताना तू खाणीवरचे तुझे तीन ट्रक शाळेच्या फाटकाशी उभे केलेस आणि मराठी राजभाषा व्हावी म्हणून पणजीला निघालेल्या मोर्चाला माझ्या मुलांना न्यायला आलास. मी फाटकाला कुलूप लावले. वीस वर्षे मी त्या शाळेत गणिताबरोबर मराठी शिकवते आहे, आणि दुसऱ्या दिवशी साखळीच्या सभेत तू माइकवरून सांगितलेस की मराठीची पहिली वैरीण तुझ्या घरात जन्मली. ती सभा आईने आपल्या अंगणातून ऐकली. कर्णे लांबवर ऐकू जातात.

एका संध्याकाळपुरते येईन. तुझ्याशी बोलणार नाही. चालेल का, एवढे कळव.

विनोदिनी

*

धारगळ, १९ मे १९८७

गुरुदास,

तुझे कार्ड मिळाले. एका कार्डात तीनच वाक्ये मावली, म्हणजे अक्षर अजून मोठेच काढतोस. “देवाक विचार. देव जा म्हणाला तर दारातून जा, आईला भेटून. नको म्हणाला तर जाण्याचे नाव काढायचे नाही.”

मी देवाला विचारणार नाही.

कारण सांगते, म्हणजे तू गावात दुसरे कारण सांगत फिरणार नाहीस. माझी श्रद्धा उडाली असे नाही. लहानपणी बाबांच्या मागे उभी राहून मी कितीतरी वेळा कौल घेताना पाहिले आहे. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, मोठ्याने प्रश्न सांगतो आणि सगळे श्वास धरून उभे राहतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबांनी डावी पडल्यावर माझे फोंड्याचे ठरत आलेले लग्न मोडले आणि नंतर त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. कौल मागितला की पाळायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले. डावी पडली तर मी पाळणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. मग देवासमोर उभी राहून खोटे का विचारू? मी मागत नाही यात देवाचा मान जास्त राहतो.

हे सगळे खरे आहे. पण डावी पडेल याची भीती वाटते, हेही खरे आहे, आणि ते मी वर लिहिले नव्हते.

तू मात्र देवाला मध्ये का आणतोस? मोर्चा काढताना विचारले होतेस? माझ्या मुलांच्या चाचणीच्या दिवशी ट्रक आणताना?

इकडे मी मोटारसायकल शिकते आहे. तिकडे शाळा एकमेकींपासून लांब असतात, तेव्हा बायांनाही शिकावी लागते. शिकवतो बाबली, कुडाळकडचा, हातपंप दुरुस्त करणारा. पूर्वी तुझ्याकडे ट्रक चालवायचा तोच. परवा मी नांगरून ठेवलेल्या शेतात गेले, गाडीसकट. तो बांधावरून ओरडतो, “बाय, ब्रेक धर, ब्रेक! बैलाची येसण न्हय ती, नुसती ओढून थांबाची नाय!” आम्ही सगळे इतके हसलो की दोना आल्दा बाहेर आल्या आणि मला त्याच अवस्थेत, चिखल नव्हता पण धूळ होती, पोर्तुगीजमध्ये ‘मी पडले’ असे तीनदा म्हणायला लावले. कमलाक्षी माझ्या खोलीत राहते. आपल्या पाळी गावचीच, पुंडलीकमामांची मुलगी, डिचोलीच्या दवाखान्यात नर्स होती. तिने माझा गुडघा धुतला आणि म्हणाली, “बाई, तुमी म्हाका इस्कोलांत मारतालीं, आतां म्हजी पाळी.” आणि टिंक्चर जरा जास्तच लावले.

चव्वेचाळीस वर्षांची मी, आणि मला इथे मैत्रिणी मिळाल्या. तुला हे का सांगते आहे, ठाऊक नाही. बहुधा तुला वाईट वाटावे म्हणून.

आईला भेटू देणार आहेस की नाही, एवढ्याचेच उत्तर हवे होते. ते दिले नाहीस.

विनोदिनी

*

धारगळ, २५ मे १९८७

गुरुदास,

मी विचारणार नाही म्हटल्यावर तू विचारलेस.

कमलाक्षी रविवारी घरी गेली होती. तिच्या जाण्याचा कौल घ्यायला तिचे वडील तिला देवळात घेऊन गेले. त्यांच्या आधी रांगेत तू होतास. हातात नारळ, खांद्यावर पंचा, आणि माझे नाव घेऊन गुरवाला प्रश्न सांगत होतास: माझी बहीण समुद्रापलीकडे जाते, तिने जावे का.

उजवी पडली.

ती सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. उजवी, गुरुदास! लगेच, गुरवाने हात मागे घेण्याच्या आत. तुझ्याच अटीप्रमाणे मी दारातून जायची, आईला भेटून. आज सोमवार संपत आला. तुझ्याकडून कार्ड नाही, निरोप नाही. तुझे ट्रक रोज डिचोलीपर्यंत येतात. एका ड्रायव्हरच्या तोंडी एक शब्द पाठवायला काय हरकत होती?

आणि तेवढ्यावर तू थांबला नाहीस. उजवी पडल्यावर तू गुरवाला पुन्हा पाकळ्या लावायला सांगितल्यास. पुन्हा! बाबांच्या मुलाने. देवाने एकदा दिलेले उत्तर आवडले नाही म्हणून तू देवाला दुसऱ्यांदा उभे केलेस, जसे तुझ्या युनियनवाल्यांना करतोस. ही गोष्ट पाळीत कुणी केल्याचे मी ऐकलेले नाही. देव तुझ्या मोर्चात आला नाही, याचा तुला इतका राग आला?

आता माझे ऐक. मला आईला भेटू दिले नाहीस तर जाण्यापूर्वी मी पाळीच्या प्रत्येक घरात जाऊन सांगेन की गुरुदासने कौल मोडला. तुझ्याकडे माइक आहे, माझ्याकडे नाही. मी पायी फिरेन. पुढच्या सभेत तू देवाचे आणि मातृभाषेचे नाव घेशील तेव्हा समोर बसलेल्यांना हे आठवेल.

वाचून पाहिले. हे पत्र चांगल्या माणसाने लिहिलेले नाही. कुणाला धमकी देणारे वाक्य मी याआधी कधी लिहिले होते का, ते आठवत नाही. तरी मी ते खोडणार नाही, कारण प्रत्येक शब्द माझ्या मनातला आहे, आणि हे पत्र आजच टपालात टाकणार आहे, कारण उद्या सकाळी मी ते टाकणार नाही हेही मला माहीत आहे.

विनोदिनी

*

धारगळ, ३० मे १९८७

दादा,

आज गोवा राज्य झाले. हमरस्त्यावरून सकाळपासून पताका लावलेल्या गाड्या जाताहेत. पेडण्याच्या बाजूने काही गाड्या मुकाट, पताका न लावता गेल्या; त्या तुमच्या मोर्चेवाल्यांपैकी कुणाच्या असतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आमच्या गोदामात याच दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. संस्थेने तारीख आधीच ठरवली होती, राज्यासाठी नव्हे.

आज जे झाले ते क्रमाने लिहिते. मध्ये मत घालणार नाही. जमले तर.

दोना आल्दांनी प्रत्येकाला पोर्तुगीजमध्ये एक वाक्य म्हणायला लावले. बाबलीने ‘पाणी प्यायला द्या’ म्हटले. त्याला विचारले, एवढेच का शिकलास, तर म्हणतो, “बाय, पंप माझ्याकडेच असतले, बाकीचा तेच बोलतले.” जेवायला सगळ्यांच्या घरून काही ना काही आले होते. फणसाचे गरे, खतखते, दोना आल्दांनी म्हापशाहून आणलेले पाव. कमलाक्षीने माझ्या केसांत अबोली माळली आणि म्हणाली, “बाई, रडूं नाकात, अजून कार्यक्रम सोंपूंक ना.” मी रडत नव्हते. रडत नव्हते असे मला वाटत होते.

मग देवाला घालायची गाऱ्हाणी सुरू झाली. हे कुणी ठरवले नव्हते. बाबलीचे म्हातारे वडील कुडाळहून आले होते, त्यांनी पिशवीतून शेंडीचा नारळ काढला, मुलाला समोर उभे केले आणि सुरुवात केली: ह्या माझ्या लेकराक पाण्यापलीकडे सांभाळ, वाटेत, अन्नात, तापात राखण कर, जसो गेलो तसो घराक आण. आम्ही सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. दोना आल्दांनीही म्हटले, आणि मग स्वतःच्या पद्धतीने छातीवर क्रूस केला. मग पुंडलीकमामांनी कमलाक्षीसाठी नारळ घेतला. मग पेडण्याच्या एका मुलाच्या काकांनी त्याच्यासाठी. एकेक जण समोर उभा राहत होता आणि त्याच्या घरचा माणूस देवाला त्याचे नाव सांगत होता.

मी शेवटी राहिले. ते ठरलेलेच होते, पण ते तसे सगळ्यांसमोर उघडे पडेल असे मला वाटले नव्हते. माझ्यामागे कुणी उभे नव्हते.

मी पुंडलीकमामांना म्हटले, “माम, माझेही तुम्हीच घाला.” दोन पावले पुढे जाऊन उभीही राहिले.

त्यांनी नारळ खाली ठेवला. दादा, त्यांना राग आला नव्हता, अवघडले होते. म्हणाले, “बाये, तुज्या घरचो दादलो जितो आसा मगो? तो आसतना म्हज्यान कशें घालपाक जाता? देव विचारतलो, हिचो भाव खंय गेलो?”

मी म्हटले, भाऊ आहे, पण नसल्यासारखा. वर हेही म्हटले की त्याने देवाचा कौल मोडला, त्याच्या गाऱ्हाण्याला आता देव ऐकणारही नाही. एवढ्या माणसांसमोर म्हटले. माझी पाळीभर फिरण्याची धमकी मी इथेच खरी करायला सुरुवात केली होती.

तेव्हा कमलाक्षीने माझा हात ओढला आणि मला बाजूला जनेलाशी नेले. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, “बाई, तुमी म्हाका सगळें सांगूंक दिलें खंय? हांव सांगतां सांगतां तुमी उठून पत्र बरोवंक बसलीं.”

खरे आहे. सोमवारी घरून परतल्यावर सांगता सांगता ती ‘परत पाकळ्या लावायला सांगितल्या’ इथपर्यंत आली आणि मी उठले. पुढचे ती सांगत होती, मी “पुरे” म्हटले. मला हवे होते तेवढे मिळाले होते.

पुढचे असे, ते मला आज मिळाले. पहिली उजवी पडल्यावर तू हात जोडलेस, नारळ ठेवलास आणि वळलासही. मग थांबलास. गुरवाला म्हणालास, आणखी एक विचारायचे आहे. तोच प्रश्न नव्हे. तू विचारलेस: ती परत येईल का?

आणि पाकळ्या पडल्या नाहीत. उजवी नाही, डावी नाही. गुरवाने पाणी शिंपडले, पुन्हा विनवले. मागे रांग लागली होती. पुंडलीकमामा म्हणाले, गुरुदास, देव कधी कधी सांगत नाही, चल आता. तू हलला नाहीस. देवळातली माणसे जेवायला गेली तरी तू त्या दोन पाकळ्यांकडे बघत उभा होतास. शेवटी त्या सुकून चिकटल्या आणि गुरवाने बोटाने काढल्या. कमलाक्षी म्हणाली, “बाई, तो रडतालो काय घामेल्लो आशिल्लो, तें म्हाका खबर ना. पूण पंच्यान तोंड पुसतालो.”

मग मला कळले, तू निरोप का पाठवला नाहीस. उजवी पडली एवढाच निरोप पाठवला असतास, तर तो तुझ्या हिशेबाने अर्धा झाला असता. आणि उरलेला अर्धा कार्डावर लिहिण्याजोगा नव्हता. सोमवारचे माझे पत्र तुला मिळाले असेल. वाचून तू काय म्हणालास ते मला ऐकायचे नाही.

आता सरळ लिहिते.

माझा राग गेला असे समजू नकोस. फाटकाशी जे झाले ते तसेच आहे. माइकवरचे वाक्य तसेच आहे. ते तू मागे घेईपर्यंत मी तुझ्याशी भांडत राहीन, बैराहून भांडेन, दर टपालाला. मी कुलूप लावले ते योग्य होते आणि उद्याही लावीन. पण तू कौल मोडलास असे मी लिहिले आणि आज एवढ्या माणसांसमोर बोलले, ते खोटे होते. ते मी पुंडलीकमामांना, बाबलीला आणि दोना आल्दांना लगेच, तिथेच उभी राहून सांगितले. पाळीत सांगायचे राहिले आहे. पुंडलीकमामा म्हणाले, ते तू स्वतः येऊन सांग.

दोन तारखेला म्हापशाहून मुंबईची बस आहे. आम्ही सगळे एकत्र निघणार नाही. संस्थेची तिकिटे वेगवेगळ्या दिवसांची आहेत. म्हणून निरोप आजच झाला. मी जिच्यावर शिकले ती मोटारसायकल बाबलीने पुसून माझ्यासमोर उभी केली, जणू मी ती तिकडे घेऊनच जाणार आहे. दोना आल्दांनी गालाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, ‘पडले’ हा शब्द विसरू नको, लागेल. कमलाक्षी झांबेझी नदीच्या वरच्या बाजूला कुठे तरी जाणार आहे. मला म्हणाली, “बाई, भावाकडेन झगडून वचूं नाकात. झगडचें आसल्यार परत येवन झगडात.”

तर मी उद्या येते आहे. तुझ्या परवानगीशिवाय. हे पत्र टपालात टाकत नाही, हातात देईन. तू दार लावलेस तर अंगणात उभी राहीन, तिथे मला बंदी नाही. तू उंबऱ्याचे म्हणाला होतास. आईला हाक मारीन, ती माझा आवाज ओळखते. आणि आई बाहेर आली, की तुला बाहेर यावेच लागेल. मग घरचा माणूस म्हणून माझे गाऱ्हाणे तू घालायचेस, सगळ्या आळीसमोर, बाबा घालायचे तसे. जशी गेली तशी घराला आण, हे वाक्य गाळायचे नाही. देवाने त्याचे उत्तर दिले नाही, हे मला माहीत आहे. तरी मोठ्याने म्हणायचे.

“व्हय म्हाराजा” म्हणायला मी असेन, आई असेल, वहिनी असेल.

विनू

उद्या: साखळीच्या बाजारातून शेंडीचा नारळ घेणे.